हत्तीच्या पणजोबांचा भाद्रपद

"सोंड कुठाय? मी काय विचारतोय हसुराम, ह्याची सोंड कुठाय?"

आमच्या मंडळाचे अध्यक्ष पाटणकर मांडवाच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. पाटणकर ओरडले की आमच्या आळीतल्या भिंतींवरची घड्याळं पुढे जातात आणि तिकडे कर्नाळ्याच्या अभयारण्यात झोपलेले पक्षी उठून, कूस बदलून, पुन्हा झोपतात. खोटं वाटत असेल तर पक्ष्यांना विचारा.

हसुराम परांचीवर बसला होता, कोपरापर्यंत कागदाच्या लगद्यात. गव्हाणचा हसुराम म्हणजे देखाव्यांचा बादशहा. त्याने केलेल्या मारुतीला खऱ्या वानरांनी नमस्कार केलेला मी ह्या डोळ्यांनी पाहिलाय. तो खाली न बघताच म्हणाला, "सरांनी सांगलं, सोंड नाय. मंग नाय. आमी काय आपल्या मनानं लावू काय?"

"अरे, गणपतीच्या मांडवात हत्तीचा पणजोबा म्हणून बसवायचा आणि त्याला सोंड नाही? लोक म्हणतील, मंडळाने डुक्कर बसवलं!"

"तसाच दिसतो ना पन तो," हसुराम म्हणाला. "मी पयल्या दिसापासून सांगतो हाय."

मग सगळ्यांच्या माना सुध्याकडे वळल्या. सुधीर, म्हणजे माझा सुध्या, म्हणजे सगळ्या आळीचे 'सर'. कॉलेजात भूशास्त्र शिकवणारा, आणि ह्याच प्राण्याच्या पायी अर्धं आयुष्य घातलेला माणूस. तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहातली माशी चमच्याने बाहेर काढत होता. आता हा पाटणकरांना सोलून काढणार, ह्या आनंदात मी वायरचं भेंडोळं खाली ठेवून पुढे सरकलो. कारण हा प्राणी म्हशीएवढा होता की रेड्याएवढा, ह्यावरून सुध्या माझ्याशी वडाळे तलावाला दोन फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत भांडलेला होता.

माशी निघाली. सुध्याने ती बाजूला ठेवली आणि म्हणाला, "छोटीशी लावा."

तिथेच मला कळायला हवं होतं.

यंदा पुन्हा ते दिवस आलेत. खिडकीखालच्या रिकाम्या प्लॉटवर तेरडा माजलाय, गुलाबी आणि जांभळा, कुणी न लावता. मांडवाचे बांबू उतरलेत आणि त्यांच्या ओल्या पोटातून तो कोंदट, हिरवट वास येतोय. कुठेतरी खळ शिजतेय. गव्हाच्या पिठाची खळ, तिच्यात कीड लागू नये म्हणून घातलेली मेथीची पूड. हा वास नाकात गेला की बाकीच्यांना बाप्पा आठवतो. मला एक दाढ आठवते.

काल मंडळाची नवी पोरं दुकानात आली होती. माझं चष्म्याचं दुकान आहे. ह्या धंद्याचा एक मोठा फायदा असा, की माणसाच्या नाकावर चाचणीची ती जड गोल फ्रेम चढवली की तो हलू शकत नाही. समोरच्या अक्षरांशिवाय त्याला काही दिसत नाही आणि माझ्याशिवाय काही ऐकू येत नाही. तेवढ्यात मी गोष्ट सांगून टाकतो. जासईला एका ट्रेलरच्या कंटेनरमध्ये जिवंत मगर निघाली आणि तिच्याजवळ सगळी कागदपत्रं व्यवस्थित होती, ती गोष्ट. खाडीला भरती आली तेव्हा माझे आजोबा दारातल्या पाटावर बसल्या बसल्या उरणला पोहोचले आणि तिथे त्यांचं लग्न ठरलं, ती गोष्ट. पनवेलमध्ये अर्ध्या लोकांना नंबर नसताना चष्मे लागलेत ते माझ्या गोष्टींसाठी, असं माझी बायको शैला म्हणते. तिला उरलेल्या अर्ध्यांची माहिती नाही.

तर पोरं म्हणाली, "काका, यंदा कॉमेंट्री तुमच्याच आवाजात पाहिजे. त्या वर्षीसारखी. काय हसले होते लोक!"

मी काच पुसत राहिलो.

माझ्यावर लोकांचा विश्वास नाही, हे मला पहिलीपासून माहीत आहे. त्यात दुःख काही नाही. कुणाच्या अंगात ताप असतो, कुणाच्या अंगात गाणं असतं, माझ्या अंगात फुगवण्याचा गुण आहे. मी चहा प्यालो म्हटलं तरी शैला कप बघायला मागते. पण माझ्याजवळ एक गोष्ट खरी होती. हजार गोष्टींत एक. तिला मी ताईतासारखं जपलं होतं. लोक "दिगू, पुरे आता" म्हणाले की मी म्हणायचो, "बरं, तुम्हाला खरी सांगतो," आणि ती काढायचो. आणि ती खरी होती, कारण ती मला सुध्याने दिली होती, आणि सुध्या जन्मात खोटं बोललेला नाही. शाळेत मास्तरांनी "खिडकी कुणी फोडली?" असं विचारलं तेव्हा त्याने माझं नाव सांगितलं होतं, आणि मार खाऊन झाल्यावर मला त्याचा अभिमानच वाटला होता. असा मित्र प्रत्येक थापाड्याला एक तरी असावा. लोक बँकेत सोनं ठेवतात, तसं मी माझं खरं त्याच्याकडे ठेवलं होतं.

ती गोष्ट अशी. तरुणपणी सुध्या उत्तरेला गेला, जम्मूच्या डोंगरांत, दगड फोडायला. तिथल्या जुन्या गाळाच्या खडकांत हाडं सापडतात. आपल्याकडे तसलं काही मिळत नाही, आपला सगळा काळा दगड, लाव्ह्याचा. त्यात हाड टिकत नाही. विमानतळासाठी उलव्याच्या टेकडीला सुरुंग लावत होते तेव्हा मी लोकांना सांगितलं होतं की आत एक अख्खा प्राणी उभाच्या उभा सापडला आणि त्याने उजेड बघून डोळे मिटले. सुध्या तेव्हा म्हणाला होता, "दिग्या, तो आपल्याकडे आलाही असेल. पण ठेवून काही गेला नाही." त्याचं बोलणं असं. मी वाक्यांना पंख लावायचो, तो त्यांना पाय लावायचा.

उत्तरेतून तो एक दाढ घेऊन आला. खरी दाढ संस्थेच्या कपाटात गेली. त्याच्याकडे राहिला तिचा प्लास्टरचा साचा, पेढ्यांच्या जुन्या डब्यात कापसावर ठेवलेला. तो साचा मी असंख्य वेळा हातात घेतलाय. वर चार गोल उंचवटे, पावसाळ्यात माथेरानच्या पायथ्याशी दिसतात तशा टेकड्या, आणि मधे दऱ्या. त्या दऱ्यांत मी बोट फिरवायचो आणि सुध्या सांगायचा.

पाच कोटी वर्षांपूर्वी, म्हणायचा, आज जिथे हिमालय आहे तिथे समुद्र होता. उथळ होत चाललेला, मिटत चाललेला. त्याच्या काठाला दलदली, खाड्या. त्या चिखलात एक प्राणी चरायचा. बुटका, जाडजूड, खुरांचा, अर्धा वेळ पाण्यात. असे दोन-चार जातींचे मिळून एक कुळ. ते कुळ आता पृथ्वीवर नाही, कुठेच नाही, प्राणिसंग्रहालयातसुद्धा नाही. त्याचं नाव अँथ्राकोब्युनिडी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा मला पोटदुखीवरचं औषध सांगतोय.

"आणि ते कुणाच्या नात्यातलं?" मी विचारायचो. उत्तर पाठ होतं, तरी विचारायचो.

"आधी लोकांना वाटलं डुकरांच्या बाजूचं," सुध्या म्हणायचा. "जुन्या काळी एका साहेबाने दाढ बघितली आणि तिकडे टाकलं. पण नंतर नीट बघितलं तेव्हा कळलं. हत्ती, दिग्या. हत्ती आणि समुद्रगाय. त्यांच्या मुळाशी हे."

समुद्रगाय मी ताबडतोब सोडून दिली. हत्ती ठेवला.

त्यानंतरची पंचवीस वर्षं मी हत्तीच्या पणजोबांवर काढली. बारशी, मुंजी, साखरपुडे, डोळ्यांची शिबिरं. गोष्ट सांगता सांगता पणजोबा वाढत गेले, हे मला मान्य आहे. सुध्याकडे ते म्हशीएवढे होते. माझ्याकडे ते हळूहळू एसटीएवढे झाले आणि एका लग्नात तर त्यांनी चिखलातून मान वर काढली तेव्हा भूकंप झाला. पण मुळातलं मी कधी हलवलं नाही. हत्तीचा पूर्वज, आपल्या देशाच्या मातीत, आणि त्याची दाढ माझ्या मित्राने काढली. कुणी नाक मुरडलं की मी हात लांब करून म्हणायचो, "सरांना विचारा!" आणि लोक विचारायचे. आणि सुध्या चष्मा सारखा करून म्हणायचा, "आकार वगळता खरं आहे." ते 'आकार वगळता' मला परमवीर चक्रासारखं वाटायचं.

त्या वर्षी देखाव्याची कल्पना माझीच. मांडवात गणपती, आणि त्याच्या मागे अंधारातून हळूहळू उजळणारा, मान हलवणारा, फुत्कारणारा पणजोबा. गजमुखाच्या दर्शनाला गजकुळाचा मूळपुरुष! पाटणकर ऐकूनच उभे राहिले. मग एकदम संशयाने माझ्याकडे बघितलं. "हे खरं आहे ना, दिगंबर? की तुमचं आपलं..."

आम्ही सगळे मिळून सुध्याच्या घरी गेलो. फेब्रुवारीतली दुपार होती. तो पेपर तपासत होता. पाटणकरांनी विचारलं, "सर, हा प्राणी हत्तीचा पूर्वज, हे बरोबर ना?"

सुध्याने मान हलवली. आता आठवतो तेव्हा ती मान मला नीट दिसत नाही. इतरांच्या माना मला दिसतात, पाटणकरांच्या कपाळावरचा घाम दिसतो, खुंटीवर लटकणारी छत्री दिसते, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर छत्री. पण ती मान खालीवर हलली की आडवी की दोन्हींच्या मधे कुठेतरी, एवढंच दिसत नाही. चष्मेवाल्याचं हे असं.

रेकॉर्डिंग श्रावणात केलं. माझ्याच दुकानात, शटर खाली ओढून, पंखा बंद करून, कारण पंख्याचा आवाज येतो. बाहेर बंदराकडे जाणारे ट्रेलर. ते गेले की मी बोलायचो, आले की थांबायचो. सुध्या तपासणीच्या खुर्चीत बसला होता, समोर अक्षरांचा दिवा लावलेला, त्याचा उजेड त्याच्या चष्म्यावर. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मी मात्र थंड पडलो होतो. इतका मी त्या खाडीकाठी पोचलो होतो.

"भक्तजनहो, थांबा! पायाखालची जमीन ऐका! हिमालय जन्मायचा आहे. माणूस जन्मायचा आहे. आणि ह्या चिखलातून बघा कोण उठतंय! चाळीस लाख वर्षांपूर्वी..."

"थांब," सुध्या म्हणाला. "पाच कोटी. चाळीस लाख नाही. नीट म्हण."

मी पुन्हा म्हटलं. पाच कोटी वर्षांपूर्वी. हत्तीच्या साऱ्या वंशाचा हा पणजोबा.

त्याने डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिला. शेवटी मी विचारलं, "आणखी काही चूक?" तो म्हणाला, "उच्चार ठीक आहेत."

आकडा दुरुस्त केला त्याने. हे मी कधी विसरणार नाही. घर जळत असताना पाहुण्याने उंबऱ्यावरची रांगोळी सारखी करावी, तसा आकडा दुरुस्त केला.

मग भाद्रपद आला आणि हसुरामच्या हातून पणजोबा उभे राहिले. बांबूचा सांगाडा, त्यावर रद्दी, त्यावर लगदा, त्यावर राखाडी रंग. पाय आखूड, पोट चिखलाला टेकलेलं, आणि पाटणकरांच्या समाधानासाठी वीतभर सोंड, शेवग्याच्या शेंगेसारखी. मान हलवायला मागे मोटर. पहिल्या दिवशी मोटर आडवी बसली आणि पणजोबा सगळ्यांना "नाही, नाही" म्हणू लागले. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून ते "हो" म्हणायला लागले. रांग लागली. पार कोपऱ्यावरच्या फुलवाल्यापर्यंत. मी सांगतो आणि ह्यात फुगवलेलं काही नाही, फुलवाल्याने स्वतः तक्रार केली. दिवे विझायचे, ओल्या ताडपत्रीचा आणि धुपाचा वास दाटायचा, आणि माझा आवाज यायचा, माझाच, पण भल्यामोठ्या भोंग्यातून, एखाद्या मोठ्या माणसाचा असावा तसा. बायका लेकरांना उचलून धरायच्या. एक म्हातारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, "दिगू, तू आयुष्यात पहिल्यांदा काही शिकवलंस." मी त्यांना म्हटलं, "खरं आहे म्हणून शिकवता येतंय, आजोबा."

एवढा सुखी मी माझ्या लग्नातही नव्हतो. हे शैलालाही माहीत आहे.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी आरती झाली, वाटली डाळ वाटून झाली, गर्दी अजून मांडवातच होती. त्यातून एक मुलगी पुढे आली. मृण्मयी, सुध्याची विद्यार्थिनी, खारघरहून मुद्दाम देखावा बघायला आलेली. चांगली मुलगी. तिच्या बोलण्यात काडीचा खवचटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"सर! किती भारी केलंय! मला फोटो पाहिजे!" तिने फोटो काढला. मग फोन खाली करून म्हणाली, "पण सर, हे कुळ आता हत्तींकडे नाहीये ना? ते तर घोडा, गेंडा, टॅपिर त्या बाजूला गेलं. तुम्हीच जूनमध्ये शिकवलंत की आम्हाला. नवीन हाडं मिळाली ती सगळी स्लाइड दाखवलीत."

भोंगा तेव्हा बंद होता. म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"घोडा?" पाटणकर म्हणाले.

"म्हणजे घोडा असा नाही काका, पण त्या गटाच्या मुळाशी. हत्तीशी काही संबंध नाही."

आधी कुणीतरी मागे खुदकन हसलं. मग हसू पुढे सरकत आलं, रांगेतून, खुर्च्यांवरून, तबल्यावरच्या पोऱ्यापर्यंत. आणि कुणीतरी ओरडलं, "दिगूकाका! ही पण तुमचीच का?"

मग विचारूच नका. "म्हणजे घोड्याला सोंड!" "अरे मोटर पहिल्या दिवशी बरोबर होती, तो 'नाही नाही' म्हणतच होता!" हसुराम परांचीच्या पायाशी टेकून उभा होता, तोही हसला, त्याने पदर लावावा तसा गमछा तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. पाटणकर ओरडले, "दिगंबर! देवाच्या दारात थाप?"

मी सुध्याकडे बघितलं.

एक वाक्य पुरलं असतं. 'दिगूने मी सांगितलं तेच सांगितलं.' एवढंच. पंख नको, पाय नको. 'आकार वगळता खरं होतं,' इतकंसुद्धा चाललं असतं. शाळेत खिडकी फुटली तेव्हा विचारताक्षणी बोलणारा हा माणूस. तो द्रोणातली डाळ बोटाने एका कडेला गोळा करत होता. मृण्मयीने विचारलं, "सर, माझं काही चुकलं का?" तर तो म्हणाला, "नाही, नाही, तुझं बरोबर आहे." आणि द्रोण टाकायला बादली शोधत बाहेर गेला.

विसर्जनापर्यंतच्या दिवसांत गर्दी दुप्पट झाली. देखावा बंद केला नाही पाटणकरांनी. ते मूर्ख नाहीत. लोक आता शिकायला नाही, हसायला यायचे. "भक्तजनहो, थांबा!" असा माझा आवाज आला की आधीपासूनच हशा. 'हत्तीचा पणजोबा' ह्या शब्दांवर टाळ्या आणि शिट्ट्या. परीक्षकांनी आम्हाला उत्कृष्ट विनोदी देखाव्याचं बक्षीस दिलं. ते घ्यायला मला स्टेजवर ढकललं. हार घालताना परीक्षक कानात म्हणाले, "कल्पना अफलातून. कसं सुचतं हो तुम्हाला?"

त्या रात्री घरी शैलाने पानात अळूची भाजी वाढली, मी बोट लावलं नाही. ती म्हणाली, "अहो, आजवर तुमच्या इतक्या थापांना हसले लोक, तुम्ही पण हसलात. आज काय झालं?"

"ही थाप नव्हती."

"पण खरं पण नव्हतं ना."

ह्या बाईशी वाद घालता येत नाही. ती डोळे तपासून न घेता सुईत दोरा ओवते.

मांडव उतरवताना एकटा हसुरामच माझ्याशी सरळ बोलला. "मनाला लावून घेऊ नका, दिगूशेट. जनावर तेच हाय. त्याला काय म्हाईत, तो कुनाचा कोन." आणि तो पणजोबांना टेम्पोत घालून घेऊन गेला. पुढे जासईच्या एका हळदीत कुणी त्यांना पाहिलं म्हणे. सोंड काढलेली, नाकावर शिंग बसवलेलं, गळ्यात झेंडूच्या माळा, आणि समोर अख्खं वऱ्हाड नाचतंय. हे मात्र मला दुसऱ्यांनी सांगितलं, त्यामुळे खरं असावं.

आता हे लिहिताना वाटतं, त्या प्राण्यांच्या कुळाची तक्रार काय होती? काही नाही. ते चिखलात चरले, वयात आले, मेले, गाळात गाडले गेले, आणि वर डोंगर उभा राहिला. त्यांना सोयरीक आपण लावली. दाढ सापडली, दाढेवरून म्हटलं डुकराचे. मग म्हटलं हत्तीचे. मग जबडे मिळाले, कवटीचे तुकडे मिळाले, पायाची हाडं मिळाली, तेव्हा म्हटलं, अरे, हे तर घोड्या-गेंड्यांच्या घरचे. इतकी वर्षं नुसत्या तोंडावरून त्यांचं घर ठरवलं होतं. माझंही तेच झालंय. लोकांनी माझं वर्गीकरण तोंडावरून केलं आणि पाय कुणी बघितलेच नाहीत. ही चूक जगाने केली तर मी हसून सोडतो. जगाचा नंबर मला माहीत आहे. पण एका माणसाकडे माझी सगळी हाडं होती. लहानपणापासूनची. तो तरी मला नुसत्या दाढेवरून ओळखणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

विसर्जन झालं, पितृपक्ष लागला. गच्च्यांवर पानं ठेवून लोक कावळ्यांची वाट बघत होते. तलावाच्या कट्ट्यावर सुध्या नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी बसलेला होता, जसं काही घडलंच नव्हतं. पाणी हिरवं, कमळाची पानं उलटी झालेली, आणि पलीकडच्या काठाला कुणीतरी निर्माल्याच्या पिशवीची गाठ सोडत होतं. मी त्याच्या शेजारी बसलो. तलावातले मासे वर येऊन आम्हाला बघून गेले.

"कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"हिवाळ्यात कळलं. नवीन काम आलं होतं बाहेरून." त्याने चष्मा काढून जुन्या सदऱ्याच्या टोकाने पुसला. "आधी माझाही विश्वास बसेना. मग सगळी हाडं मांडून बघितली. बसला."

"हिवाळ्यात. म्हणजे आम्ही तुझ्या घरी आलो त्याच्या आधी."

"हो."

"तुझा सगळा प्रबंध त्या हत्तीवर होता, सुध्या."

"होता."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. आठ दिवस वाटलं. मग जूनचं लेक्चर नव्याने काढलं."

आठ दिवस. आणि मी अजून तिथेच बसलो होतो, शटर खाली ओढून, पंखा बंद करून.

"मला का नाही सांगितलंस?"

तो थोडा विचारात पडला. खोटं बोलता येत नाही ना त्याला, त्यामुळे वेळ लागतो. "तू इतका रंगात होतास. म्हटलं, देखावाच तर आहे."

"आणि त्या संध्याकाळी? लोक हसत होते तेव्हा?"

"तुझ्या गोष्टींना लोक हसतातच, दिग्या."

पलीकडे पिशवीची गाठ सुटली, फुलं पाण्यावर पसरली. झेंडू तरंगला, दूर्वा बुडाल्या. माझ्या तोंडाशी एवढी वाक्यं गोळा झाली होती की एकेकाला पंख लावले असते तर तलावावर सावली पडली असती. पण मला एवढंच विचारता आलं, "सुध्या, आता मी लोकांना खरी गोष्ट म्हणून काय सांगू?"

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "घोड्याची सांग. तुला काय फरक पडतो?"